वैद्यकीय अध्यापनक्षेत्रातील स्त्रिया : प्रवेश आणि प्रगती

स्त्री डॉक्टर ही आज महाराष्ट्रात नवलाईची गोष्ट राहिलेली नाही. तालुक्याच्या गावी जशी वकिलाची पाटी तशी स्त्री डॉक्टरची पाटी दिसते, आणि वैद्यकीय महाविद्यालयांच्या वर्गांतून मुली मुलांच्या बरोबरीने बसलेल्या आढळतात. तथापि रोग्याला तपासणारी स्त्री आणि डॉक्टर घडविणारी, संशोधनाचा विषय ठरविणारी, एखाद्या विभागाची सूत्रे हाती असणारी स्त्री यांत फरक आहे. पहिलीला महाविद्यालयात प्रवेश मिळाला म्हणजे बरेचसे काम होते. दुसरीला प्रवेशानंतरची प्रत्येक पायरी नव्याने चढावी लागते. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या स्त्रीचा विचार करावयाचा आहे.

हा विषय कला शाखेच्या विद्यार्थिनीने का घ्यावा, असे कोणी विचारील. माझे उत्तर असे की, कोणत्या क्षेत्रात कोण कोठपर्यंत पोहोचतो हा प्रश्न मुळात समाजशास्त्राचा आहे. शिवाय शहापूर आणि मुरबाड या आपल्या तालुक्यांत वैद्यकीय महाविद्यालय नसले तरी तेथे घेतल्या जाणाऱ्या निर्णयांचे परिणाम आपल्याच पाड्यांवर होतात. ते कसे, हे पुढे ओघाने येईलच.

आरंभ कल्याणपासून

या इतिहासाचा आरंभ आपल्या शेजारच्या कल्याणात होतो. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे माहेर कल्याणचे. १८६५ साली जन्मलेली ही यमुना नवव्या वर्षी गोपाळराव जोशी यांच्याशी विवाहबद्ध झाली. चौदाव्या वर्षी तिला मुलगा झाला आणि तो अवघे दहा दिवस जगला. वैद्यकीय मदतीअभावी आलेल्या या दुःखातून डॉक्टर होण्याचा निश्चय झाला. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी बंगालमधील श्रीरामपूर येथे भाषण करून आपण अमेरिकेस का जात आहोत, हे त्यांनी जाहीरपणे सांगितले. हिंदुस्थानात स्त्री डॉक्टरांची गरज आहे, हे त्यामागचे प्रमुख कारण होते. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून त्या पदवीधर झाल्या. हिंदू आर्यांमधील प्रसूतिशास्त्र हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता.

आनंदीबाईंची कथा आपण बहुधा जिद्दीची कथा म्हणून सांगतो, आणि ती तशी आहेही. पण या कथेत जिद्दीच्या जोडीला आणखी काय काय होते ते पाहण्यासारखे आहे. न्यू जर्सीतल्या कार्पेंटरबाईंनी त्यांना स्वतःच्या घरी ठेवून घेतले. महाविद्यालयाच्या अधिष्ठात्या रेचेल बॉडले यांनी त्यांना पाठबळ दिले. कोल्हापूर संस्थानाने आपल्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्री-विभागाची जागा त्यांना देऊ केली. म्हणजे राहण्यास घर, पाठीशी ज्येष्ठ व्यक्ती आणि शिक्षणानंतर हक्काचे पद या तिन्ही गोष्टी जुळून आल्या होत्या. दुर्दैवाने क्षयाने त्यांना गाठले. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले, तेव्हा वयाची बावीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती. पद मिळाले, पण ते सांभाळण्यास आयुष्य मिळाले नाही.

कामा इस्पितळाची अट

आनंदीबाई अमेरिकेस गेल्या त्याच सुमारास मुंबईत एक निराळा प्रयोग चालला होता, आणि माझ्या मते तो आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक बोलका आहे. १८४५ साली स्थापन झालेल्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयाचे दरवाजे १८८३ साली स्त्रियांना खुले झाले. यामागे सोराबजी बंगाली आणि जॉर्ज किट्रेज यांनी उभारलेला स्त्री-वैद्यकीय निधी होता. त्याच वर्षी पेस्तनजी होरमसजी कामा यांच्या देणगीतून स्त्रिया आणि मुलांच्या इस्पितळाची कोनशिला बसली आणि १८८६ साली ते इस्पितळ सुरू झाले. या देणगीला एक अट होती. ती अशी की, इस्पितळाचा कारभार स्त्री डॉक्टरांच्या हाती असावा.

वरवर पाहता ही अट पडदानशीन रुग्णांच्या सोयीची वाटते. पण तिचा परिणाम दूरवरचा झाला. महाविद्यालयाने प्रवेश दिला, याने मुली शिकू लागल्या असत्या. पण शिकून त्यांनी पुढे जावयाचे कोठे? कामांच्या अटीमुळे मुंबईत एक असे इस्पितळ उभे राहिले, की ज्याच्या सर्वोच्च पदावर स्त्रीच असावयाची. प्रवेशाने दार उघडले, अटीने जिना बांधला.

या इस्पितळाची सूत्रे ज्यांच्याकडे आली त्या डॉ. एडिथ पीची यांचा पूर्वेतिहास येथे सांगितलाच पाहिजे. एडिंबरा विद्यापीठात वैद्यक शिकू पाहणाऱ्या पहिल्या सात स्त्रियांपैकी त्या एक होत्या. १८७० साली रसायनशास्त्राच्या परीक्षेत नव्याने बसणाऱ्या विद्यार्थ्यांत त्या पहिल्या आल्या. या गुणवत्तेसाठी असलेली होप शिष्यवृत्ती मात्र स्त्री म्हणून त्यांना नाकारण्यात आली. गुण होते, पण गुणांचे फळ देणारी व्यवस्था नव्हती. अशी ठेच लागलेली स्त्री मुंबईत अधिकारावर आली तेव्हा तिने काय केले? परिचारिकांच्या शिक्षणाची सोय केली, समान कामाला समान वेतन मिळावे म्हणून आग्रह धरला आणि बालविवाहाविरुद्ध व्याख्याने दिली. पुढे मुंबई विद्यापीठाच्या सिनेटवरही त्या निवडून आल्या.

रखमाबाई आणि जेरुशा जिराद

पीचीबाईंच्या पाठबळाचा लाभ झालेल्या आपल्याकडील स्त्रियांत डॉ. रखमाबाई राऊत यांचे नाव अग्रभागी आहे. बालपणी झालेला विवाह नांदण्यास नकार दिल्याने १८८४ ते १८८८ या काळात त्यांच्यावर चाललेला खटला सर्वश्रुत आहे. १८८७ साली न्यायालयाने पतीकडे जा, नाहीतर तुरुंगवास भोगा, असा हुकूम केला, तेव्हा त्यांनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखविली. तडजोडीने खटला मिटल्यावर पीचीबाईंच्या प्रोत्साहनाने आणि हितचिंतकांनी जमविलेल्या निधीच्या बळावर त्या विलायतेस गेल्या. १८९४ साली डॉक्टर होऊन परतल्यावर त्यांनी सुरत आणि नंतर राजकोट येथे सुमारे पस्तीस वर्षे स्त्रियांची इस्पितळे सांभाळली.

यापुढची कडी म्हणजे डॉ. जेरुशा जिराद. बेने इस्राएल समाजातल्या, म्हणजे कोकणात शतकानुशतके राहिलेल्या मराठीभाषक यहुदी समाजातल्या. पुण्यात शालेय शिक्षण आणि ग्रँट महाविद्यालयात वैद्यकीय शिक्षण झाल्यावर त्यांना पुढील अभ्यासासाठी इंग्लंडला जावयाचे होते. प्रारंभी टाटांच्या कर्जाऊ शिष्यवृत्तीचा आधार घ्यावा लागला. नंतर हिंदुस्थान सरकारची शिष्यवृत्ती मिळाली, आणि एखाद्या स्त्रीला मिळालेली ती पहिलीच होती. १९१९ साली लंडन विद्यापीठाची स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्रातील एम.डी. पदवी मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री ठरल्या. १९२० च्या दशकाच्या अखेरीपासून १९४७ पर्यंत त्या कामा इस्पितळाच्या प्रमुख होत्या. १९६६ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

डॉ. जिराद यांचे एक काम मला विशेष महत्त्वाचे वाटते. मुंबई शहरात बाळंतपणात स्त्रिया कशाने मरतात, याचा त्यांनी शोध घेतला आणि त्याचा अहवाल १९४१ साली प्रसिद्ध झाला. बाळंतपणातला मृत्यू हा नशिबाचा भाग मानण्याच्या काळात एका स्त्रीने त्याची कारणे मोजली. ती मोजू शकली, कारण ती विषय ठरविण्याच्या जागेवर होती. पदोन्नतीचा प्रश्न केवळ पगाराचा आणि मानाचा नसतो, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते.

वयाचा हिशेब

आता आजच्या स्थितीकडे वळू. डॉ. स्नेहलता देशमुख या बालशल्यविशारद शीव रुग्णालयाच्या अधिष्ठाता झाल्या आणि १९९५ ते २००० या काळात मुंबई विद्यापीठाच्या कुलगुरू होत्या. कसारा घाट चढून गेले की नाशिक. तेथे १९९८ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे कुलगुरूपद डॉ. मृदुला फडके यांनी भूषविले, तर २०२१ साली तेथे लेफ्टनंट जनरल डॉ. माधुरी कानिटकर कुलगुरू झाल्या. ही नावे अभिमानाने घ्यावीत अशीच आहेत. पण शिखरावरची चार नावे दाखवून जिना सुरक्षित आहे असे म्हणता येत नाही. जिन्याच्या मधल्या पायऱ्या पाहाव्या लागतात.

त्यासाठी एक साधा हिशेब मांडून पाहू. अठराव्या वर्षी प्रवेश मिळालेली मुलगी आंतरवासितेसह साडेपाच वर्षांनी एम.बी.बी.एस. होते. शासकीय महाविद्यालयातली असेल तर बंधपत्रानुसार एक वर्षाची सेवा. मग पदव्युत्तर शिक्षणाची तीन वर्षे. त्यानंतर सहायक प्राध्यापक होण्यासाठी वरिष्ठ निवासी डॉक्टर म्हणून किमान एक वर्ष. म्हणजे एकही वर्ष वाया गेले नाही असे धरले तरी अध्यापनाच्या पहिल्या पायरीवर पाऊल पडते तेव्हा वय एकोणतीसच्या जवळ येते. तेथून सहयोगी प्राध्यापक होण्यासाठी ठराविक वर्षांचा अनुभव आणि प्रसिद्ध झालेले संशोधन-निबंध लागतात. आपल्या समाजात लग्न, बाळंतपण आणि मुलांचे लहानपण नेमके याच वर्षांत येते. पुरुषाच्या वाट्याला हीच वर्षे येतात, पण रात्री मूल कोण सांभाळणार हा प्रश्न त्याला सहसा विचारला जात नाही.

कायद्याने यावर काही उपाय केले आहेत. २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूतिरजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवड्यांवर गेली, आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघर आवश्यक ठरले. परंतु रजा मिळणे वेगळे आणि रजेनंतर मागे न पडणे वेगळे. सहा महिन्यांत सहकाऱ्याचे दोन निबंध छापून झालेले असतात. करारावर नेमलेल्या स्त्रीला तर करार संपण्याची धास्ती असते.

या मधल्या पायऱ्यांचे महत्त्व आपल्याकडे फार पूर्वी ओळखले ते डॉ. कमल रणदिवे यांनी. त्या वैद्य नव्हत्या, पेशीशास्त्रज्ञ होत्या. कर्करोग संशोधनात त्यांनी मुंबईत मोठे काम केले आणि १९६६ ते १९७० या काळात भारतीय कर्करोग संशोधन केंद्राच्या त्या संचालक होत्या. १९७३ साली सहकारी स्त्रियांसह त्यांनी भारतीय महिला वैज्ञानिक संघटना स्थापन केली. या संघटनेने नवी मुंबईत वाशी येथे चालविलेल्या उपक्रमांत वसतिगृह आहे आणि पाळणाघर आहे. शास्त्रज्ञांच्या संघटनेने पाळणाघर का चालवावे, असा प्रश्न वरचा हिशेब समजलेल्या माणसाला पडणार नाही.

बाहेरच्या जगातील अनुभव

हा प्रश्न केवळ आपला नाही. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स वैद्यकीय महाविद्यालय १८९३ साली सुरू झाले. इमारतीसाठी व चालविण्यासाठी पैसा कमी पडत होता, तो मेरी गॅरेट यांच्या पुढाकाराने स्त्रियांनी उभा केला, आणि अट घातली की स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने प्रवेश द्यावा. कामांच्या अटीची येथे आठवण व्हावी.

पण त्याच संस्थेत सुमारे शंभर वर्षांनी, १९९० साली, वैद्यक विभागात सहयोगी प्राध्यापक पदावर फक्त ४ स्त्रिया होत्या. प्रवेशाची अट शंभर वर्षे पाळली गेली, बढतीची अट कोणी घातलीच नव्हती. तेव्हा विभागाने काही उपाय योजले. बढतीचे नियम प्रत्येकीला स्पष्ट सांगितले, मार्गदर्शक ज्येष्ठ नेमले, वेतनातील तफावत तपासली आणि सायंकाळी व शनिवारी होणाऱ्या सभा कामाच्या वेळेत आणल्या. १९९५ पर्यंत ती संख्या ४ वरून २६ झाली. यातला एकही उपाय असा नाही, की ज्यासाठी नवी इमारत बांधावी लागावी.

इंग्लंडमध्ये २००५ पासून विज्ञानसंस्थांतील स्त्रियांच्या प्रगतीची पाहणी करून मानांकन देण्याची ॲथेना स्वान नावाची योजना होती. वैद्यकीय महाविद्यालये तिच्याकडे फारसे लक्ष देत नव्हती. २०११ साली तेथील प्रमुख वैद्यकीय अधिकारी सॅली डेव्हिस यांनी संशोधन केंद्रांच्या मोठ्या अनुदानासाठी या मानांकनाची रौप्य पायरी आवश्यक असल्याचे जाहीर केले आणि मग महाविद्यालयांची धावपळ सुरू झाली. पुढे २०२० साली ती अट काढून घेण्यात आली, तरी मधल्या वर्षांनी एक गोष्ट सिद्ध केली. सदिच्छेचे ठराव कपाटात राहतात. पैशाला जोडलेली अट मात्र अंमलात येते.

प्रश्न कोण विचारतो?

येथवर आल्यावर आपल्या तालुक्यांचा संबंध स्पष्ट करता येईल. १९८९ च्या जानेवारीत लॅन्सेट या विख्यात वैद्यकीय नियतकालिकात गडचिरोलीच्या डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांची तपासणी करून त्यांनी दाखविले की, ९२ टक्के स्त्रियांना एक ना एक स्त्रीरोग होता, आणि पूर्वी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया फक्त ८ टक्के होत्या. तोपर्यंत खेड्यातील स्त्रीच्या आरोग्याचा विचार मुख्यतः बाळंतपण आणि कुटुंबनियोजन यांपुरताच होत असे. त्या निबंधाने जगाला निराळा प्रश्न विचारण्यास लावले. हा प्रश्न एका स्त्रीरोगतज्ज्ञ स्त्रीने विचारला, आणि तिने तो खेड्यात राहून विचारला, या दोन्ही गोष्टी मला सारख्याच महत्त्वाच्या वाटतात.

डोळखांबच्या किंवा टोकावड्याच्या बाजूच्या कातकरी, ठाकूर, महादेव कोळी वाड्यांवरील स्त्रीच्या आजाराबद्दल असे किती प्रश्न अजून विचारलेच गेलेले नाहीत? डॉक्टर बंधपत्राचे वर्ष पुरे करतात आणि शहरात परततात. त्यांना नावे ठेवण्यात अर्थ नाही. ज्या तरुण डॉक्टरणीला पुढे प्राध्यापक व्हावयाचे आहे, तिने प्राथमिक आरोग्य केंद्रात घालविलेली वर्षे आणि तेथे केलेल्या नोंदी तिच्या बढतीत मोजल्या जात नसतील तर तिने येथे का थांबावे? तानसा आणि भातसा यांचे पाणी आपल्या तालुक्यातून मुंबईच्या इस्पितळांच्या नळांपर्यंत जाते, आणि उन्हाळ्यात आपल्या पाड्यांवर टँकर येतो. आपल्या रुग्णांचेही तसेच आहे. आजार येथला, उपचार तेथला, आणि त्यातून जे ज्ञान निर्माण होते तेही तेथलेच.

आदिवासी मुलीची वाट

आणखी एका गोष्टीचा उल्लेख केल्याविना हा लेख पुरा होणार नाही. २२ मे २०१९ रोजी मुंबईच्या नायर रुग्णालयात स्त्रीरोगशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या डॉ. पायल तडवी या तरुण डॉक्टरने आत्महत्या केली. त्या तडवी भिल्ल या आदिवासी समाजातल्या होत्या. जातीवरून छळ केल्याच्या आरोपाखाली तीन वरिष्ठ डॉक्टरांवर आरोपपत्र दाखल झाले. त्या तिघीही स्त्रियाच होत्या. न्यायनिवाडा हे न्यायालयाचे काम आहे. आपण एवढेच ध्यानात घ्यावे की, वरच्या पायरीवर स्त्री असली म्हणजे खालच्या पायरीवरील प्रत्येक स्त्रीला आपोआप हात मिळतो असे नाही. जात, जमात, भाषा आणि गाव यांचे अंतर स्त्रियांतही असते. म्हणूनच चांगल्या माणसावर विसंबून न राहता तक्रार ऐकणारी विश्वासाची समिती, वसतिगृहातील सुरक्षितता आणि नेमून दिलेला मार्गदर्शक यांची व्यवस्था नियमाने असावी लागते. आपल्या आश्रमशाळेतून उद्या एखादी मुलगी डॉक्टर होऊन अध्यापनाकडे वळली, तर तिला रखमाबाईंइतकी जिद्द दाखवावी लागू नये. साध्या, अभ्यासू मुलीलाही पुढे जाता आले पाहिजे.

काय करता येईल?

९ ऑक्टोबर २०२४ रोजी महाराष्ट्रातील दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले. त्यांतले एक अंबरनाथचे आहे. मुरबाडच्या शेजारच्याच तालुक्यात हे महाविद्यालय आल्याने हा विषय आता आपल्या दारी आला आहे. नवी संस्था घडत असतानाच अटी घालणे सोपे असते, जुन्या संस्थेला त्या लावणे अवघड. म्हणून वरील इतिहासाच्या आधारे चार सूचना मी नम्रपणे मांडते.

पहिली, रात्रपाळी करणाऱ्या स्त्री डॉक्टर आणि परिचारिकांसाठी रात्रीही चालणारे पाळणाघर आणि कुलूप लागणारी विश्रांतीची खोली असावी. ९ ऑगस्ट २०२४ रोजी कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात कामावर असलेल्या तरुण डॉक्टरवर बलात्कार होऊन तिचा खून झाला. त्यानंतर या मागणीला कोणी चैन म्हणू नये.

दुसरी, प्रत्येक नव्या अध्यापिकेला पहिल्याच महिन्यात बढतीचे नियम लेखी मिळावेत आणि एक ज्येष्ठ मार्गदर्शक नेमून दिला जावा. यास खर्च नाही.

तिसरी, शहापूरचे उपजिल्हा रुग्णालय, मुरबाडचे ग्रामीण रुग्णालय आणि आसपासची आरोग्य केंद्रे यांत केलेली सेवा व संशोधन बढतीसाठी धरले जावे. त्यामुळे डॉक्टरणीची वाट आणि आपल्या स्त्रियांची वाट एक होईल.

चौथी सूचना देणगीदारांसाठी आहे. आपल्या भागात कारखाने आहेत, धनिक आहेत, शाळांना आणि इस्पितळांना देणग्याही देतात. त्यांनी संगमरवरी पाटीवर नावाबरोबर एखादी अटही कोरावी. शिष्यवृत्ती द्यावी, पण ती प्रवेशापाशी न थांबता पदव्युत्तर शिक्षण आणि संशोधनाच्या वर्षांपर्यंत चालू राहील अशी.

समारोप

आनंदीबाईंना पद मिळाले, आयुष्य मिळाले नाही. पीचीबाईंना आधी गुण मिळाले, शिष्यवृत्ती मिळाली नाही. जिरादबाईंना दोन्ही मिळाले तेव्हा मुंबईतल्या मरणाऱ्या मातांची मोजणी झाली. या तिघींच्या बुद्धीत फरक होता असे मला वाटत नाही. फरक होता तो त्यांच्या वाट्याला आलेल्या व्यवस्थेत, आणि व्यवस्था ही माणसांनीच केलेली असते. डॉक्टर होणे आपल्यापैकी फारच थोड्यांच्या वाट्याला येईल. पण आपणांपैकी कोणी शिक्षक होतील, कोणी ग्रामपंचायतीत जातील, कोणी पत्रकार, कोणी पालक. संस्थांना अटी घालण्याचे काम अशाच माणसांकडे येत असते. ते काम आपल्याकडे येईल तेव्हा हा हिशेब आपल्या ध्यानी असावा, एवढीच अपेक्षा.